मराठीत विचारलेला प्रश्न

वासंती साळवे पन्नाशीला टेकल्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाली, ती हौसेनं नव्हे. रेगेन्सबर्गच्या एका मनोरुग्णालयात ती वीसबावीस वर्षं नर्स होती आणि तिचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. मनोरुग्ण शुश्रूषेचा दोन वर्षांचा विशेष अभ्यासक्रम केला तर उचलठेव कमी होईल, रुग्णांशी बोलण्याचं आणि त्यांची पाहणी करण्याचं काम वाट्याला येईल, असं वॉर्डच्या प्रमुख बाईंनी सुचवलं. वासंतीनं नाव घातलं. ती मूळची मिरजेची. चर्चच्या ओळखीनं तरुणपणी बव्हेरियात आली, संसार इथेच झाला, नवरा इथेच गेला. आता सकाळची पाळी संपवून घरी आली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक उघडायची आणि दोन पानं होईतो तिची मान खाली पडायची. मुलगी वल्लरी आतून जर्मनमध्ये म्हणायची की आई, आडवी हो जरा. वासंती मराठीत म्हणायची, एवढा धडा झाला की होते.

अभ्यासात तिला अगदीच नवं असं थोडं होतं. उदासीच्या आजारात गोळ्या सुरू केल्या की अंगात बळ आधी येतं आणि मन मागाहून वर येतं, म्हणून मधले दिवस डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे, हे तिनं वॉर्डात कितीदा पाहिलं होतं. फक्त त्याला पुस्तकात नाव होतं, आणि परीक्षेत ते नाव लिहावं लागणार होतं. वर्गात एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा करून घेत. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं आणि एकानं दुसऱ्याला विचारायचं की तुमच्या मनात मरायचे विचार येतात का. आडवळणानं नाही, सरळ. विमर नावाचे म्हातारे शिक्षक सांगत की विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, तो असलाच तर माणसाला हलकं वाटतं. वासंतीला हे जमायचं. जर्मनमध्ये तो प्रश्न तिच्या तोंडून सहज निघायचा, रक्तदाब विचारावा तसा.

दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत त्यांच्या वॉर्डात श्रीनाथ इनामदार दाखल झाला. छत्तिशीचा, कराडचा, गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर. कित्येक दिवस तो सकाळी डबा घेऊन घरातून निघत होता, कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होता आणि संध्याकाळपर्यंत त्याच गाडीत बसून राहत होता. मग घरी येऊन जेवत होता. कंपनीतून घरी फोन आला तेव्हा त्याच्या बायकोला, ऊर्मिलाला, हे कळलं. डॉक्टरांनी त्याला इकडे पाठवलं.

वासंती त्याच्या खोलीत गेली आणि नमस्कार म्हणाली. श्रीनाथनं मान वर केली. तिची नावाची पट्टी वाचली आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती आली. तो जर्मनमध्ये म्हणाला की शक्य असेल तर त्याला दुसरी नर्स हवी. का ते त्यानं सांगितलं नाही, आणि तिला सांगायची गरज नव्हती. रेगेन्सबर्ग ते इंगोलश्टाट अशी सगळी मिळून दीडदोनशे मराठी माणसं, गणपतीला एका हॉलमध्ये जमणारी. तिनंही जर्मनमध्येच सांगितलं की इथलं काही बाहेर जात नाही, पण तुमची इच्छा रास्त आहे. मग तिनं युर्गन नावाच्या सहकाऱ्याकडे त्याला सोपवलं. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या आठवड्यात दोन जणी आजारी रजेवर होत्या आणि मराठी दुःख ऐकण्याइतकं त्राण तिच्यात उरलेलं नव्हतं.

दाखल करताना वॉर्डच्या डॉक्टर लिंडनर बाईंनी त्याला नेहमीचे सगळे प्रश्न विचारले. मरायचे विचार येतात का, हेही विचारलं. तो नाही म्हणाला. घरात आणखी कुणाला असा आजार होता का, तर तेही नाही. ऊर्मिलाला विचारलं, तिला काही ठाऊक नव्हतं. सासरे श्रीनाथ अकरा वर्षांचा असतानाच गेले, कृष्णेत पोहायला उतरले आणि बुडाले, एवढंच तिला माहीत होतं. तिनं सासूबाईंना कराडला फोन केला. आमच्या घराण्यात असलं काही नाही, असं सासूबाई म्हणाल्या आणि लगेच जेवणखाण काय देतात याची चौकशी करायला लागल्या.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस श्रीनाथ भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. मग तो उठला, आणि उठला तो थांबेचना. त्यानं वॉर्डातलं बंद पडलेलं कॉफीचं मशीन दुरुस्त केलं. जेवणाच्या गाड्या कुठल्या क्रमानं फिरवल्या तर वेळ वाचेल याची आकृती कागदी रुमालांवर काढून प्रमुख बाईंना दिली. इतर रुग्णांना तो हसवायचा. ऊर्मिला आनंदानं रडली. माझा नवरा मला परत मिळाला, असं तिनं युर्गनला सांगितलं.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी वासंती कामावर आली तेव्हा लांब कॉरिडॉरच्या पलीकडच्या टोकावरून श्रीनाथनं तिला हाक मारली. वासंतीताई, रविवारी सगळ्या वॉर्डाला कांदेपोहे करून घालू या, असं तो मोठ्यानं मराठीत म्हणत होता, आणि त्याच्या बोलण्यातले शब्द एकमेकांना ढकलत बाहेर पडत होते. तिच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा हा माणूस. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि तरी तो दमलेला नव्हता.

पाळी बदलताना ती एवढंच म्हणाली की त्याचं हे बरं होणं तिला बरं वाटत नाही. युर्गननं सांगितलं की तो रात्री जेमतेम झोपतो. डॉक्टर लिंडनर यांनाही तीच शंका आली होती. काही माणसांच्या आजाराला दोन टोकं असतात, एक खोल दरीचं आणि एक अतिउत्साहाचं. अशा माणसाला फक्त उदासीवरची गोळी दिली तर ती त्याला दरीतून काढून थेट दुसऱ्या टोकाला फेकते. त्यांनी ती गोळी त्याच दिवशी बंद केली. पण एवढ्यावरून निदान पक्कं करायला त्या तयार नव्हत्या. रक्ताच्या नात्यात कुणाला असं झालं असेल तर चित्र स्पष्ट होईल, दोन्ही टोकं आवरणारं लिथियम लगेच सुरू करता येईल, असं त्या म्हणाल्या. पुन्हा विचारायला हवं होतं, आणि विचारायचं कुणाला तेच कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात श्रीनाथची आई आली.

साधनाबाई इनामदार सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. साडीवर मुलाचा जुना जाड कोट, हातात भडंगाची पिशवी. श्रीनाथ त्यांना एका जागी बसू देईना, सगळा वॉर्ड दाखवत फिरला. त्या त्याच्यामागून चालत होत्या आणि त्यांची नजर त्याच्या हातांवर होती, सारख्या हलणाऱ्या. वासंतीनं त्यांना चहा दिला. त्यांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, मग साळवे म्हणजे कुठल्या, असं विचारलं. हा प्रश्न वासंतीला परदेशातही पुष्कळदा भेटला होता. ती नुसतं मिरजेची म्हणाली.

मिरज म्हटल्यावर साधनाबाईंचा कप बशीवर वाजला.

थोड्या वेळानं त्या वॉर्डच्या छोट्या स्वयंपाकघरात आल्या. वासंती एकटीच होती, भांडी आवरत. साधनाबाईंनी दार लोटून घेतलं.

"सिस्टर, तुम्ही आपल्यातल्या, म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "पण हे श्रीनाथला कळता कामा नये. इथल्या डॉक्टरांनासुद्धा नाही."

वासंतीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. एखादं गुपित आपल्याजवळ ठेवून घ्यायचं आणि मग त्याच्या ओझ्याखाली वाकायचं, हे तिनं आधी केलेलं नव्हतं असं नाही. आता तिला ते नको होतं. ती म्हणाली, "ताई, बोलायच्या आधी एक ऐकून घ्या. तुम्ही सांगाल ते मी नीट ऐकेन. पण त्याच्या उपचाराशी संबंध असेल तर मी ते डॉक्टरांपासून लपवणार नाही. नंतर तुम्हाला फसवल्यासारखं वाटायला नको."

साधनाबाई दार उघडून बाहेर गेल्या. वासंतीला वाटलं, गेलं हे हातातून. दुसऱ्या एका रुग्णाची औषधं द्यायची होती, ती देऊन ती परत आली तर साधनाबाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलेल्या होत्या.

त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान शरदचंद्र कराडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. एका वर्षी त्यांची झोप उडाली. शाळेतून आले की घराची मागची भिंत स्वतः फोडायला लागले, मुलांसाठी प्रयोगशाळा बांधायची म्हणून. गावातल्या कुणालाही पकडून तासन्‌तास बोलायचे. दिरांनी त्यांना मिरजेला नेऊन दवाखान्यात ठेवलं. गावात टायफॉइड म्हणून सांगितलं. ते परत आले ते अगदी गप्प झाले, आणि काही महिन्यांनी एका सकाळी नदीवर गेले. त्यांना पोहता उत्तम येत होतं. कपड्यांची घडी घालून त्यावर चष्मा ठेवलेला होता. पोलिसांनी अपघात लिहिला, कारण दिरांची ओळख होती. साधनाबाईंनीही मुलाला अपघातच सांगितला, आणि इतकी वर्षं सांगता सांगता त्यांना स्वतःलाही तो अर्धाअधिक खरा वाटायला लागला होता.

"आज त्याचे हात बघितले," त्या म्हणाल्या, "आणि मला ह्यांचे हात दिसले."

वासंती त्यांना डॉक्टर लिंडनर यांच्याकडे घेऊन गेली आणि दुभाष्याचं काम केलं. खरं तर त्यासाठी बाहेरचा माणूस बोलवायचा असतो, पण मराठीचा दुभाष्या मिळायला आठवडा गेला असता. डॉक्टरांनी आधी साधनाबाईंचे आभार मानले. मग त्या म्हणाल्या की आता औषध निश्चित करता येईल, पण ते कदाचित आयुष्यभर घ्यावं लागेल, आणि एका मोठ्या माणसाला कारण लपवून असं औषध देता येणार नाही. त्याला हे कळायला हवं, आणि आईकडून कळलेलं बरं. साधनाबाई नाही म्हणाल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही नाहीच म्हणाल्या. सोमवारी ऊर्मिलानं त्यांना सांगितलं की आई, तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन, आणि मला ते तुमच्यासारखं सांगता येणार नाही.

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टर, ऊर्मिला आणि वासंती खोलीत होत्या. श्रीनाथचा पाय ऐकताना सारखा हलत होता. आधी तो हसला. मग त्यानं आईला विचारलं की दर वर्षी श्राद्धाला तू मला सांगायचीस, पाण्यापासून जपून राहा, ते काय होतं. तो उठून निघून गेला आणि त्यानं खोलीचं दार लावून घेतलं.

लिथियमच्या आधी मूत्रपिंडाच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या लागतात, त्या पाठवल्या होत्या. तोवर दिवस काढायचे होते. श्रीनाथचा उत्साह ओसरला, पण तो शांत झाला नाही. मन खाली आणि शरीर धावतं, अशी त्याची अवस्था झाली. तो कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायचा, अर्धवट जेवून उठायचा. आईला त्यानं भेटायला येऊ नको म्हणून निरोप पाठवला. विमर यांनी वर्गात सांगितलेलं वासंतीला आठवत होतं. सगळ्यात जास्त भीती या अशा दिवसांची बाळगायची, कारण निराशा असते आणि मनातलं करून टाकायला लागणारं बळही असतं.

बुधवारी तिची दुपारची पाळी होती. बाहेर बर्फ वितळून सगळीकडे काळपट चिखल झाला होता. आदल्या रात्री वल्लरीला ताप होता, वासंतीची झोप झालेली नव्हती. ती नर्सेसच्या खोलीत नुकतीच बसली होती तोच श्रीनाथ दारात येऊन उभा राहिला. तिनं त्याला आत बोलावलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात मराठीत बोलला.

"बाबांनी ते मुद्दाम केलं. म्हणजे हे माझ्यात आधीपासूनच होतं?"

ती म्हणाली की आजार घराण्यातून येऊ शकतो, शेवट येत नाही. त्यांना जे औषध मिळालं नाही ते तुम्हाला मिळणार आहे. तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. त्याची नजर खिडकीच्या दिशेनं जात होती आणि परत येत होती.

आता विचारायला हवं, हे तिला कळत होतं. जर्मन वाक्य तयार होतं. पण तो मराठीत बोलत होता, आणि मराठीत तिनं हा प्रश्न आयुष्यात कुणाला विचारला नव्हता. तिच्या जिभेवर आलं ते असं की जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात नाही ना. तिच्या घरी, आळीत, सगळे असंच म्हणायचे. ते वाक्य तिला तोंडातच नकोसं झालं. त्यात उत्तर आधीच घातलेलं होतं. समोरच्यानं छे म्हणायचं आणि दोघांनी सुटायचं.

"श्रीनाथ," ती म्हणाली, "तुमच्या मनात मरायचा विचार येतो का? स्वतःला संपवायचा?"

मराठीत ते फार उघडं वाटलं. कुणाच्या तरी घरात जाऊन ओरडल्यासारखं. तिला वाटलं, आता हा उठून जाईल.

"येतो," तो म्हणाला.

"आज?"

"आज सकाळपासून थांबलेलाच नाही."

"कसं करायचं, तेही ठरवलंय?"

त्यानं सांगितलं. कुठे, कसं, केव्हा, सगळं त्यानं योजून ठेवलं होतं, एखाद्या यंत्राचा आराखडा करावा तसं. वासंतीनं मध्ये तोंड घातलं नाही. चेहरा शक्य तितका स्थिर ठेवला. सांगून झाल्यावर त्याचे खांदे खाली आले आणि तो रडायला लागला, तोंडावर हात न घेता.

"आल्यावर डॉक्टरांनी विचारलं होतं," तो म्हणाला. "जर्मनमध्ये विचारलं, मी जर्मनमध्येच नाही म्हणालो. ते कुणा दुसऱ्याबद्दल असल्यासारखं वाटलं."

ती त्याच्याजवळ बसून राहिली. मग म्हणाली, "हे मी आता डॉक्टर लिंडनर यांना सांगणार आहे. तुम्ही माझ्याबरोबर चला. तुम्हाला एकटं सोडणार नाही."

तो उठला. कॉरिडॉर ओलांडताना तो तिच्या जवळून चालत होता. डॉक्टरांनी त्याला समजावलं की काही दिवस बंद दाराच्या वॉर्डात राहिलं तर सुरक्षित असेल. त्यानं स्वतःच होकार दिला. वासंती त्याला खालच्या मजल्यावर घेऊन गेली, त्याचा पट्टा आणि चार्जरची वायर जमा करताना थांबली, खाट मिळेपर्यंत थांबली. वर आली तेव्हा तिच्या वाट्याची सगळी कामं तशीच पडून होती. ती तिनं केली.

दुसऱ्या दिवशी साधनाबाई आल्या. मुलगा भेटत नव्हता, तरी त्या रोज येऊन खाली बाकावर बसायच्या. ऊर्मिलानं त्यांना सगळं सांगितलं होतं. वासंती पाळी संपवून निघाली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि बाकावर जागा करून दिली.

"तुम्ही त्याला सरळ विचारलंत म्हणे," साधनाबाई म्हणाल्या.

"हो."

"ह्यांना मी तेव्हा असं विचारलं असतं तर?"

या प्रश्नाचंही उत्तर अभ्यासक्रमात होतं. नातेवाइकांच्या मनातली अपराधी भावना, तिच्याशी कसं बोलायचं, कोणती वाक्यं टाळायची. वासंतीला त्यातलं काहीच म्हणवेना. तिचे गुडघे दुखत होते आणि तिला खोटंही बोलायचं नव्हतं.

"माहीत नाही, ताई," ती म्हणाली. "असं विचारायचं असतं, हे मिरजेला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही. जपा म्हणाले." साधनाबाईंनी कोटाचं बटण लावलं, मग काढलं. "कसं जपायचं ते नाही सांगितलं. मी बदामाचा शिरा करून घालत होते."

लिथियम सुरू झालं. ते हळू काम करतं. एप्रिल गेला, मेमध्ये श्रीनाथ वरच्या वॉर्डात परत आला. त्याचे हात आता औषधामुळे बारीक कापायचे, तहान फार लागायची, वजन वाढलं, आणि विचार चिखलातून चालल्यासारखे चालतात अशी त्याची तक्रार असायची. रक्तातली पातळी तपासून मात्रा थोडी कमी केली. आई परत जायच्या आदल्या दिवशी तो तिला भेटला. दोघं बागेत अर्धा तास बसले. काय बोलणं झालं ते कुणी सांगितलं नाही. साधनाबाई विमानात बसल्या तेव्हा मुलानं त्यांना माफ केलेलं होतं असं म्हणता येणार नाही. जूनमध्ये तो घरी गेला आणि शरद ऋतूत कंपनीत दिवसाचे थोडे तास जायला लागला.

वासंती त्या वर्षअखेर परीक्षा पास झाली, बेताच्या गुणांनी. तोंडी परीक्षेत लिथियम आणि मूत्रपिंडांबद्दल विचारलं, ते तिला आलं. नवं पद मिळालं, पगाराच्या चिठ्ठीवर पदाचं नवं नाव छापून यायला लागलं. उचलठेव काही सुटली नाही, कारण माणसं तेवढीच होती आणि आजारी तेवढीच पडत होती.

डिसेंबरात ऊर्मिला औषधाची चिठ्ठी न्यायला आली तेव्हा तिची आणि वासंतीची कॉरिडॉरमध्ये गाठ पडली. श्रीनाथला आता झोप लागते, पण हसणं अजून आलेलं नाही, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली की रविवारी तो आईशी फोनवर बोलत होता. नेहमी दोन मिनिटांत संपवतो. या वेळी त्यानं विचारलं की बाबा शाळेत गणित कसं शिकवायचे. सासूबाई सांगत बसल्या, खडूचा तुकडा कसा धरायचे, मुलं चुकली की काय म्हणायचे, तासभर. ऊर्मिलानं स्वयंपाक थांबवून ते ऐकलं.

वासंतीला आणखी विचारायचं होतं, पण सात नंबरच्या खोलीबाहेरचा, नर्सला बोलावण्याचा दिवा लागला होता. तिनं ऊर्मिलाच्या दंडाला हात लावला, येते म्हणाली आणि तिकडे गेली.